गोचीड निघाली, दुखणे राहिले : ज्वरोत्तर चिरकारी लक्षणांविषयी काही अनुभव

शिरगावात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे सामान्यतः तीन प्रकारचे रुग्ण येतात : वाडीत राबणारे, समुद्रावर जाणारे आणि पाळीप्रमाणे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे. या तिसऱ्या वर्गात बाहेरगावाहून येऊन स्थायिक झालेले पुष्कळ असतात. त्यांच्या व्याधीचे मूळ कधी कधी पालघर जिल्ह्यात नसून त्यांच्या मूळ गावात असते. अशा एका रुग्णाने आम्हांस जे शिकविले, ते वैद्यबंधु-भगिनींसमोर ठेवावे या हेतूने हा लेख लिहीत आहोत. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

काही वर्षांपूर्वी श्रावणात सुमारे चाळीस वर्षांचे एक गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. रासायनिक कारखान्यात पाळीचे काम, मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात. दरवर्षी फाल्गुन-चैत्रात रजा काढून ते काजूच्या हंगामासाठी गावी जात. त्या वर्षी बागेत काम करीत असता त्यांस गोचिडी चावल्या. पाचसहा दिवसांनी थंडी भरून तीव्र ज्वर आला, डोके फुटेल असे दुखू लागले आणि अंग जणू कुटून निघाले. शासकीय तपासणीत माकडतापाचे निदान झाले. रुग्णालयात राहून ज्वर उतरला व ज्येष्ठात ते बोईसरला परतले.

आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी पहिलेच वाक्य उच्चारले ते असे : “डॉक्टर, ताप गेला, पण माझा मी काही परत आलो नाही.”

त्यांची लक्षणे आम्ही टिपून ठेवली होती. एक पाळी कशीबशी केली की पुढचे दोन दिवस अंथरुणात जात. मांड्या व पोटऱ्या दुखत. रात्री आठ तास झोपूनही सकाळी ताजेतवाने वाटत नसे. उभे राहिल्यावर छातीत धडधड होई. सांगितलेले काम अर्ध्या वाटेत विसरायला होई. हिमोग्लोबिन, यकृत, वृक्क, थायरॉइड, शर्करा हे सर्व तपासून झाले होते आणि सर्व अहवाल प्राकृत होते. त्यामुळेच त्यांची पंचाईत झाली होती. कारखान्यातील सोबती त्यांस कामचुकार म्हणू लागले होते. एका ठिकाणी त्यांस ‘हे सगळे मनाचे आहे’ असे सांगण्यात आले होते. घरातही कुरबुर सुरू झाली होती.

आमची पहिली चूक

प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हीही त्या दिवशी फार निराळे काही केले नाही. नाडी पाहिली, अहवाल चाळले, एक रसायनकल्प लिहून दिला आणि वर उपदेश केला की पडून राहू नका, पहाटे समुद्रकिनारी चाला, सूर्यनमस्कार घाला, अंगात चैतन्य येईल. गृहस्थ आज्ञाधारक होते. त्यांनी मनोभावे पंधरा दिवस तसे केले आणि सोळाव्या दिवशी भावाच्या आधाराने आमच्या पायऱ्या चढले. होती नव्हती ती शक्तीही गेली होती.

या चुकीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ज्वराध्यायात ज्वरमुक्ताने बल परत येईपर्यंत व्यायाम, मैथुन, स्नान व फार हिंडणे-फिरणे वर्ज्य करावे असे स्पष्ट सांगितले आहे. बल न आलेल्याने अपथ्य केल्यास शेष दोष पुन्हा प्रकुपित होऊन ज्वर परततो, या पुनरावर्तक ज्वराचे वर्णनही तेथेच आहे. पदवीच्या वर्षांत हे आम्ही पाठ केले होते. परीक्षेत लिहिले, गुण मिळविले आणि रुग्ण समोर बसला तेव्हा विसरलो. अहवाल कोरे पाहून आम्हीही मनातून त्यास आळशी ठरविले होते, हे त्यामागचे खरे कारण.

माकडताप : थोडी पार्श्वभूमी

उत्तर कोकणातील वैद्यास माकडताप प्रत्यक्ष पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो, म्हणून थोडे विवेचन करणे अगत्याचे आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील, शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधून काढला. शास्त्रीय ग्रंथांत ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ या नावाने तो ओळखला जातो. हीमाफायसॅलिस वंशाच्या जंगली गोचिडी हा विषाणू पसरवितात. माणसापासून माणसास तो होत नाही. गोचीड पूर्ण वाढण्याआधीच्या अवस्थेत, जिला इंग्रजीत ‘निम्फ’ म्हणतात, सर्वाधिक त्रासदायक असते. ती इतकी लहान असते की चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही.

पुढे २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या आरंभी दोडामार्ग तालुक्यातील केर गावात हा रोग आढळला. नंतर सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही त्याने ठाण मांडले. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंतचा काळ धोक्याचा. दुर्दैवाने काजूचा हंगामही नेमका याच काळात पडतो. सुमारे ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. दहापैकी एक-दोन रुग्णांत ज्वर उतरून काही दिवस बरे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा येतो आणि त्यासोबत तीव्र शिरःशूल, कंप, भ्रम व दृष्टिदोष दिसतात. या विषाणूवर खात्रीचे असे औषध नाही. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली जाणारी जुनी लस परिणामकारक न ठरल्याने २०२२ मध्ये थांबविण्यात आली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढेच आहे. माकडतापातून उठल्यावर अशक्तता व स्नायुवेदना काही महिने टिकू शकतात आणि त्या काळात रुग्णास श्रमाचे काम झेपत नाही, ही गोष्ट वैद्यकास पूर्वीपासून माहीत आहे. म्हणजे आमचे गृहस्थ जे सांगत होते ते नोंदलेले, ठाऊक असलेले सत्य होते. ठाऊक नव्हते ते आम्हांस.

अहवाल कोरा म्हणजे रुग्ण खोटा नव्हे

गोचिडीच्या दंशानंतर रेंगाळणाऱ्या दुखण्याची चर्चा जगात सर्वाधिक झाली ती लाइम रोगासंबंधी. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावी पॉली मरे नावाच्या गृहिणीस व तिच्या कुटुंबीयांस वर्षानुवर्षे सांधेदुखी, पुरळ, थकवा असे त्रास होत होते. डॉक्टर तिचे ऐकून घेत नसत. तिने गावातील तशाच रुग्णांची यादी केली आणि १९७५ साली आरोग्य खात्याचे दार ठोठावले. त्यातून शोध सुरू झाला व १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीत सापडलेला सर्पिलाकार जंतू जगासमोर मांडला. रुग्णाची तक्रार ऐकून घेतल्याने एक रोग उजेडात आला, हे या इतिहासाचे सार आहे.

जंतू सापडला, प्रतिजैविके मिळाली, तरी प्रश्न पुरता सुटला नाही. योग्य उपचारानंतरही शंभरातील पाच ते दहा रुग्णांत थकवा, अंगदुखी व बुद्धिमांद्य महिनोन्महिने राहते. अशांना प्रदीर्घ काळ प्रतिजैविके देऊन पाहिली गेली. २००१ मध्ये अमेरिकेत व २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्यापासून टिकाऊ लाभ दिसला नाही.

याहून बोलका अभ्यास ऑस्ट्रेलियातील डब्बो या गावचा. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. तीन निरनिराळ्या संसर्गांनी आजारी पडलेल्या २५३ रुग्णांचा त्यात पाठपुरावा केला गेला. या तिन्हींपैकी एक होता क्यू ज्वर, जो गुराढोरांच्या सान्निध्यातून होतो. सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के रुग्णांत थकवा, अंगदुखी व स्मरणदोष टिकून होते. जंतू निराळे, पण मागे राहणारे दुखणे बहुतांशी सारखे. आणि कोणास ते राहील याचे अनुमान रुग्णाच्या स्वभावावरून वा मनोवस्थेवरून करता आले नाही; मूळ आजार किती तीव्र होता यावरून करता आले. २०२० नंतर कोविडोत्तर रुग्णांत आपण सर्वांनी हेच चित्र आपापल्या चिकित्सालयांत पाहिले. श्रमाने दुखणे वाढणाऱ्या चिरकारी थकव्याच्या रुग्णांस ठरावीक मात्रेने व्यायाम वाढवीत नेण्याचा सल्ला देऊ नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले. ज्वराध्यायातील तो उपदेश येथे सहजच आठवतो.

आमची दुसरी चूक

पहिल्या रुग्णापासून आम्ही धडा घेतला आणि उत्साहाच्या भरात दुसऱ्या टोकाला गेलो. पुढील वर्षी जवळच्या पाड्यावरील एक बाई आल्या. शेळ्या राखणे व हंगामात गवत कापणे हा त्यांचा उद्योग. कार्तिकात गुडघ्यामागे चिकटलेली गोचीड त्यांनी ओढून काढली होती. तेथे लहानशी गाठ राहिली. त्यानंतर अंग जड होणे, सांधे दुखणे, काम नकोसे होणे सुरू झाले. ज्वर आला नव्हता.

गोचीड हा शब्द कानी पडताच आमचे निदान ठरून गेले. दूषीविष! सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सांगितल्याप्रमाणे जे विष शरीरातून निःशेष गेले नाही, जीर्ण झाले वा औषधांनी क्षीण झाले, ते कफाने आवृत होऊन वर्षानुवर्षे राहते आणि ढगाळ हवा, थंड वारा, दिवसा झोप, अहित अन्न यांनी उसळते. सारे काही जुळते आहे असे वाटले. चार महिने आम्ही त्या अनुषंगाने चिकित्सा केली. बाई कण्हत येत आणि आम्ही धीर देत असू.

एके दिवशी सोबत आलेली लेक म्हणाली, “आईचा आवाज घोगरा झाला, केस मूठमूठ जातात, चैत्रातही ती गोधडी घेते.” हे तिने सांगितले तेव्हा आम्ही भानावर आलो. थायरॉइडची तपासणी केली. ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. पालघरच्या तज्ज्ञांकडे पाठविल्यावर योग्य औषध सुरू झाले व तीन महिन्यांत बाई पुन्हा गवतावर जाऊ लागल्या. गोचिडीचा या दुखण्याशी काहीही संबंध नव्हता. बाईंची चार महिन्यांची मजुरी बुडाली, ती आमच्या शास्त्राभिमानामुळे.

दूषीविष ही संकल्पना थोर आहे, पण ती सोयीचीही आहे, आणि जी संकल्पना कोणत्याही लक्षणास लागू पडते ती वैद्यास आळशी करते. विदेशात ज्या सहजतेने प्रत्येक थकव्यास ‘जुना लाइम’ म्हटले जाते, त्याच सहजतेने आपण दूषीविष म्हणू लागलो तर दोष एकच. भारतात लाइमच्या नोंदी तुरळक आहेत. अशा प्रदेशात केवळ रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीवरून ते नाव देण्याचा मोह टाळावा, कारण रोग विरळ असतो तेथे चाचणीचे होकारार्थी उत्तर फसवे असण्याचा संभव वाढतो.

आता आम्ही पाळतो तो क्रम

या दोन रुग्णांनंतर आम्ही एक क्रम ठरविला आहे. तो परिपूर्ण आहे असा दावा नाही.

प्रथम देश आणि काल विचारावा. गोचीड कोठे चावली, कोणत्या महिन्यात, त्याआधी रुग्ण गावी वा जंगलात गेला होता काय, गुरे-शेळ्यांशी संबंध आहे काय, मेलेली माकडे आढळली होती काय. सप्टेंबर २०२० मध्ये शेजारच्या गुजरातेतील काँगो तापामुळे पालघर जिल्हा प्रशासनाने सावधगिरीचे आदेश काढले होते, हे आपल्या भागातील वैद्यांस स्मरत असेल. गुरांवरील गोचिडींद्वारे पसरणाऱ्या त्या रोगाचा भारतातील पहिला उद्रेक जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादनजीक नोंदला गेला होता.

दुसरे, दंशानंतर दोन-तीन आठवड्यांच्या आत ज्वर असेल तर रुग्णास आपल्यापाशी अडकवून ठेवू नये. तीव्र शिरःशूल, कोठूनही रक्तस्राव, भ्रम, तळहात-तळपायांवर उमटणारे पुरळ, काळी खपली धरलेला दंशव्रण यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. गोचिडीमुळे होणाऱ्या पुरळयुक्त ज्वरात व तिच्याच गोत्रातील सूक्ष्म कीटकाच्या अळीमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाल्यास प्राण वाचतात. येथे एक दिवसाचा विलंबही महाग पडतो.

तिसरे, ज्वर जाऊन महिने लोटले असतील तर आधी इतर कारणे शोधावीत. पांडुरोग, थायरॉइड, मधुमेह, यकृत व वृक्क, जीवनसत्त्व बी-१२ व डी, क्षयरोग, आमवात, झोपेत श्वास अडखळणे, मनाची उदासीनता यांचा विचार व्हावा. कारखान्यातील कामगार असेल तर कोणत्या रसायनांशी त्याचा संपर्क येतो हेही विचारावे. वजन घटत असेल, सायंकाळी ज्वर येत असेल, एखादा अवयव बधिर वा दुर्बळ होत असेल तर ‘अशक्तपणा’ म्हणून भागवू नये.

चौथे, काहीच सापडले नाही तर रुग्णास तसे स्पष्ट सांगावे. ‘तुम्हांस काही झालेले नाही’ आणि ‘तुमच्या दुखण्याचे कारण या तपासण्यांत दिसत नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या वाक्याने रुग्ण तुटतो. दुसऱ्याने तो आपल्यासोबत चालू लागतो.

पाचवे, बल पाहून काम द्यावे. आम्ही रुग्णास एक वही करावयास सांगतो. त्या दिवशी काय केले व दुसऱ्या दिवशी कसे वाटले, एवढेच त्यात लिहावयाचे. पंधरवड्यात त्याची झेप कळते. त्या झेपेच्या आतच काम ठेवावयाचे, बऱ्या दिवशीही ओलांडावयाचे नाही. आहार लघु व उष्ण : पेज, मुगाचे कढण, जुना तांदूळ, पचेल तसे तूप. सौम्य अभ्यंग, ठरलेल्या वेळी निद्रा. औषधे मोजकी, अग्नी व लक्षणे पाहून. अमृतारिष्ट, दशमूलारिष्ट, अश्वगंधा यांपैकी एखादे, ठरावीक मुदतीपुरते. या दुखण्यावर ती सिद्ध उपाय आहेत असे आम्ही रुग्णास सांगत नाही, कारण तसे सिद्ध झालेले नाही.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

असा रुग्ण वैद्याकडे महिन्यातून एकदा येतो, दुकानात मात्र दर आठवड्यास येतो. म्हणून त्याची अवस्था आपणांस आधी कळते. वेदनाशामक गोळ्या वारंवार नेणारा, ‘मागच्या वेळची ताकदीची गोळी’ मागणारा ग्राहक दिसला तर दोन शब्द विचारावेत. स्टेरॉइडने चार दिवस हुशारी वाटते व पुढे शरीर पोखरते, हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

आपल्या औषधांविषयीही डोळसपणा हवा. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवन करणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली व आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वादाचा निर्णय काहीही होवो, महिनोन्महिने स्वतःच्या मनाने काढे व चूर्णे घेणाऱ्यास यकृताची तपासणी सुचविणे आणि वनस्पतीची ओळख पटवूनच माल घेणे यात आपला कमीपणा नाही. ‘शरीरातील विष काढणारा’ म्हणून कोणताही संच थकलेल्या माणसाच्या गळ्यात बांधू नये.

गोचीड काढावयाचे औषध मागण्यास कोणी आले तर त्यास औषध देऊ नये, बारीक टोकाचा चिमटा द्यावा. गोचीड त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. रॉकेल, चुना, तेल लावणे वा उदबत्तीने चटका देणे टाळावे. नंतर जागा साबणाने धुवावी व तारीख लिहून ठेवावी. पुढे ज्वर आल्यास ती तारीखच वैद्याच्या उपयोगी पडते.

उपसंहार

आमच्या पहिल्या रुग्णाचे काय झाले, हे वाचक विचारतील. त्यांच्या कारखान्यास आम्ही एक पत्र लिहिले. अमुक ज्वरानंतर अशी दुर्बलता काही महिने राहू शकते, रुग्ण खोटे बोलत नाही, काही काळ रात्रपाळी देऊ नये, इतकाच मजकूर होता. व्यवस्थापनाने ते मान्य केले. पुढील चौदा महिन्यांत ते गृहस्थ हळूहळू दिवसपाळीचे काम पुरते करू लागले. हे श्रेय आमच्या अरिष्टांचे किती, काळाचे किती व त्या पत्राचे किती, हे ठरविता येणार नाही. आजही अधिक श्रम झाले की त्यांस दोन दिवस भोगावे लागते. काजूला ते अद्याप जातात. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, कीटकरोधक तेल लावून, आणि परतल्यावर ऊन पाण्याने अंग व कपडे धुऊन.

मध्यंतरी ते आले असता म्हणाले, “डॉक्टर, औषधाने किती फरक पडला मला सांगता येत नाही. पण ते पत्र घरी वाचून दाखवले, त्या रात्री मला झोप लागली.”

रोगाचे नाव सापडो वा न सापडो, रुग्णाचे म्हणणे टिपून घेणे, शोधण्यासारखे ते सर्व शोधणे आणि त्याची साथ न सोडणे एवढे तर आपल्या हाती निश्चित आहे. इत्यलम्.